लाइनकडे बघ

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या नव्या हेड कोचविषयी पानभर तक्रार आहे, ट्रान्सफर पोर्टलविषयी, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीविषयी, त्याहून अधिक मजकूर आहे, आणि क्वार्टरबॅकच्या पुढ्यात त्याला राखणाऱ्या पाच जणांच्या ज्या लाइनमध्ये तू गार्ड म्हणून उभा राहतोस तिच्याविषयी एक वाक्यही नाही. तू शाळेत खेळत होतास तेव्हापासून मी सांगत आलो आहे की चेंडूकडे बघू नकोस, लाइनकडे बघ. कोच बदलला म्हणून हे बदलत नाही.

कोलोरॅडो विद्यापीठाचा 2023चा मोसम आठवून पाहा. आदल्या वर्षी 1-11 अशी, म्हणजे एक विजय आणि अकरा पराभव अशी, दैना झालेल्या संघाला डीऑन सँडर्स यांनी हाती घेतले आणि काही महिन्यांत जवळजवळ सगळा संघ बदलून टाकला. पहिल्याच सामन्यात टीसीयूला (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाला) 45-42 असे हरवल्यावर, पुढचे दोन सामनेही जिंकल्यावर, आमच्या डेन्व्हरच्या मराठी मंडळींतही ज्यांना फर्स्ट डाउन म्हणजे काय ते ठाऊक नव्हते तेही त्या संघाच्या गावची, बोल्डरची, तिकिटे शोधू लागले. सगळ्यांचे डोळे डीऑन यांच्या मुलाच्या, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅक शेदूर सँडर्सच्या हातावर खिळलेले होते. त्याच्यापुढचे पाच जण एकमेकांना जेमतेम ओळखत होते, हे मी सांगत होतो तेव्हा मला कुजकट ठरवले गेले. पुढे ऑरेगनने 42-6 असे धुतले. स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतराला 29-0 अशी आघाडी असतानाही हा संघ दोन ओव्हरटाइमनंतर 46-43 असा हरला. बचाव फळी कोसळली हे खरेच. पण एवढी आघाडी असताना चेंडू जमिनीवरून पुढे नेत घड्याळ संपवायचे असते, आणि त्यासाठी लागणारी लाइनच त्यांच्याकडे नव्हती. मोसमभरात शेदूरला 52 वेळा सॅक केले गेले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडले गेले, पाठीच्या दुखापतीमुळे तो शेवटचा सामना खेळू शकला नाही, आणि 3-0 अशी सुरुवात करणारा संघ 4-8 वर थांबला.

आता दुसरे उदाहरण घे, म्हणजे मी नव्या कोचच्या विरोधात आहे असे तुला वाटणार नाही. इंडियाना विद्यापीठाला 2023मध्ये 3-9 अशी कामगिरी करता आली होती. कर्ट सिग्नेटी आले, त्यांनीही आपल्या जुन्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून बरेच खेळाडू आणले, क्वार्टरबॅकही बाहेरचाच घेतला, आणि 2024चा मोसम 11-2 असा गेला. मात्र लाइनमधले सेंटर माइक कॅटिक आणि डावा टॅकल कार्टर स्मिथ हे दोघे आधीच्या कोचच्या काळापासूनचे होते. सगळे यश त्या दोघांचे, असे मी म्हणणार नाही; परंतु समोरचे दोन बचावपटू अचानक जागांची अदलाबदल करून घुसतात तेव्हा आपला माणूस शेजाऱ्याच्या हवाली कधी करायचा आणि त्याचा कधी आपल्याकडे घ्यायचा, हे ओरडून सांगायला वेळ नसतो. शेजाऱ्याचा खांदा किती वळला यावरून ते कळावे लागते, आणि ते कळायला पालखीच्या भोयांप्रमाणे बरोबर चाललेले असावे लागते.

तू लिहितोस की संघात 105 खेळाडूंची मर्यादा आल्यापासून तुझ्यासारख्या शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्यांच्या डोक्यावर टांगती तलवार आहे. ही भीती रास्त आहे, तिला मी हसणार नाही. पण दुसऱ्या कॉलेजातही बहुधा मर्यादा 105चीच असेल, आणि तिथे तुझ्या उजव्या-डाव्या बाजूला कोण उभे असेल याची चौकशी तू केली आहेस का? केली असतीस तर पत्रात लिहिली असतीस.

माझ्याबद्दल तुझे बाबा काय म्हणतात ते मला माहीत आहे. वरिष्ठ बदलले की माझे मित्र नोकरी बदलत गेले, त्यांची घरे मोठी झाली, आणि मी त्याच चार सहकाऱ्यांबरोबर त्याच टेबलाशी राहिलो. शेवटी व्यवस्थापनाने आमचा गटच मोडला आणि हातातले काम अर्धवट राहिले, त्याची हळहळ अजून जात नाही. मात्र त्या गटात कुणाचे गणित चुकायला लागले की ते कागदावर उतरण्याआधी दुसऱ्याला कळत असे. असे काम मी नंतर कुठेही पाहिले नाही, आणि ज्यांनी अनुभवलेच नाही त्यांनी मला हट्टी म्हणावे, माझी हरकत नाही.

असो. हेड कोचला भेटायची घाई करू नकोस. आधी लाइनच्या कोचकडे जा आणि वसंतातल्या सरावात तुला कोणत्या चौघांबरोबर उभे करणार आहेत, ते स्पष्ट विचार. तुमच्या कोचने बरोबर आणलेल्या त्या तीन लाइनमनपैकी एकाशीही तू अजून जेवायला बसलेला नाहीस, हेही मला पटलेले नाही. आणि शेवटच्या दोन सामन्यांचे चित्रण पाठव. टीव्हीवरचे नको, त्यात कॅमेरा चेंडूमागे धावतो. मैदानाच्या टोकाकडून, एन्ड झोनच्या मागून घेतलेले पाठव. तुझी पहिली दोन पावले मला बघायची आहेत, त्यानंतरच आपण पोर्टलविषयी बोलू.

तुझा,
काका