कासवाच्या वाटेवर बॅटरी नको: निसर्ग पर्यटनाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (फोंडा): डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना समुद्री कासव दाखवायचं आहे. मोरजीला जावं की काणकोणात? रात्री किनाऱ्यावर थांबलो तर कासव दिसेल का?

उत्तर: आधी नेमकं काय पाहायचं ते ठरवा. अंडी घालायला आलेली मादी आणि समुद्राकडे निघालेली पिल्लं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मुलं बरोबर असतील तर पिल्लंच बघा, आणि त्यासाठी डिसेंबर नव्हे, फेब्रुवारी-मार्च गाठा. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या आपल्याकडे गोव्यात साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात किनाऱ्यावर येतात. अंडी उबायला 45 ते 60 दिवस लागतात. डिसेंबरात पिल्लं मिळणं कठीण.

रात्री मादीच्या शोधात किनाऱ्यावर फिरू नका. पाण्यातून वाळूवर येताना ती सर्वांत बुजरी असते. मोबाइलचा उजेड पडला, कोणी आडवं गेलं, कुत्रं भुंकलं, तरी ती अंडी न घालता परत फिरते. निवांतपणा मिळाला तर मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाने धोपटून घट्ट करते आणि निघते. या सगळ्याला तासभर लागतो. तेवढा वेळ मुलांना अंधारात हलू न देता बसवणं कोणाला जमणार? चुकून समोर आलीच तर जागच्या जागी खाली बसा, उजेड बंद करा, तिच्या मागच्या बाजूला किमान 15 मीटरवर राहा. ती समुद्रात गेल्यावर वनखात्याच्या माणसाला जागा दाखवा, म्हणजे घरट्याला कुंपण घालता येतं. वाळूत उमटलेला तिचा माग पायांनी पुसू नका, घरटं त्याच मागावरून सापडतं.

घरटं भरतीच्या रेषेत असेल तर रक्षक अंडी काढून सुरक्षित जागी पुरतात. त्या वेळी "एक हातात देता का?" असं विचारू नका. घातल्यानंतर काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. नंतर अंडं फिरलं की तो सुटतो आणि मरतो. म्हणूनच ते काम लवकर आणि अंडं न फिरवता करावं लागतं. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, अंड्याला हात लावणं हासुद्धा गुन्हा.

पिल्लं वाळू थंड झाली की वर येतात, म्हणजे रात्री किंवा पहाटे. क्षितिजाजवळ जिथे जास्त उजेड, तिकडे ती धावतात. दिवे नव्हते तेव्हा तो उजेड समुद्राचा असे. आता शॅकचा बल्ब समुद्रापेक्षा प्रखर असतो. उलट्या दिशेने गेलेलं पिल्लू सुरूच्या मुळांत अडकतं, सुकतं, नाहीतर कुर्ल्या आणि कुत्री त्याला गाठतात. म्हणून पिल्लं सोडताना सगळे दिवे बंद, फ्लॅश नाही, वाटेच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा. दया येऊन त्यांना उचलून पाण्यात ठेवू नका, वाळूवरची ती चाल त्यांना स्वतःच चालू द्या. मुलांनी संध्याकाळी खणलेले खड्डे आणि किल्ले सपाट करूनच उठा. आपल्याला वीतभर वाटणारा खड्डा पिल्लाला विहिरीसारखा असतो.

आता किनारा कोणता. मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या चौघांची नोंद 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत कासवांच्या विणीचे किनारे म्हणून आहे. आमची पसंती गालजीबागला. तिथे सुरूचं बन आहे आणि वर्दळ कमी. कोकण रेल्वेने काणकोण स्थानकावर उतरून रिक्षाने जाता येतं. आगोंदला किंवा मोरजीला राहणार असाल तर खोली ठरवण्याआधी मालकाला दोनच प्रश्न विचारा: समुद्राकडचे दिवे रात्री बंद होतात का, आणि वाळूवरच्या खाटा रात्री उचलता का? उत्तर टाळलं तर दुसरी जागा शोधा.

प्रश्न (डिचोली): शिकेरीला डॉल्फिन दाखवणारे होडीवाले "डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत" म्हणतात. ग्राहकाच्या दृष्टीने हे चांगलंच ना?

उत्तर: ग्राहकाला बरं वाटतं, पण याच अटीमुळे तांडेल डॉल्फिनच्या मागे लागतो. दिसला नाही तर डिझेल अंगावर, मग जवळ जाणं, वाट अडवणं, चार होड्यांनी घेरणं आलंच. पैसे होडीच्या वेळेचे ठरवा, डॉल्फिनचे नव्हे, आणि ते किनारा सोडण्यापूर्वी सांगा. पाण्यात गेल्यावर सांगून उपयोग होत नाही.

आपल्याकडे दिसतो तो कुबड असलेला डॉल्फिन उथळ पाण्यात, नदीच्या मुखांजवळ राहतो. खोल समुद्रात निघून जाणं हा त्याचा स्वभाव नाही, त्यामुळे होड्यांच्या गर्दीतून त्याला सुटकाही नाही. गढूळ पाण्यात तो आवाजाच्या पडसादावर मासे शोधतो आणि इंजिनाच्या घरघरीत तो पडसाद बुडतो.

तांडेलाला हे सांगा: शेवटचे दीडशे मीटर लाट उठणार नाही इतक्या सावकाश, 50 मीटरच्या आत नाही, कळपात पिल्लू असेल तर अंतर दुप्पट. समोरून किंवा थेट मागून नव्हे, बाजूने आणि त्यांच्याच दिशेने समांतर. कळपाच्या मधून होडी कधीच नाही. आधीच दोन-तीन होड्या असतील तर दुसरीकडे वळा. 15-20 मिनिटं पुरे. डॉल्फिन वारंवार दिशा बदलू लागले, शेपटी पाण्यावर आपटू लागले, जास्त वेळ खाली राहू लागले किंवा एकमेकांना चिकटून पोहू लागले, तर घड्याळ न बघता निघा. ते स्वतःहून होडीजवळ आले तर इंजिन न्यूट्रलला टाकून थांबायचं. एकदम बंद-चालू केलं तर ते दचकतात.

प्रश्न (म्हापसा): पावसात दूधसागरला रुळांवरून चालत जायचा मित्रांचा बेत आहे. कितपत धोक्याचं?

उत्तर: जाऊ नका. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरं कारण घाट. इथे चढ 37 मीटरला एक मीटर इतका आहे. उतारावरच्या जड मालगाडीला माणूस दिसला म्हणून लगेच थांबता येत नाही. बोगद्यांत भिंत आणि डबा यांच्यात अंग चोरायला जागा नसते, आणि पावसाच्या आवाजात गाडी ऐकू येत नाही. कुळ्याहून जाणाऱ्या जीपगाड्याही पावसाळ्यात बंद असतात, कारण वाटेतले ओढे चढतात. ऑक्टोबरात त्या पुन्हा सुरू झाल्या की जा, लाइफ जॅकेट घाला, आणि तिथल्या माकडांना वेफर्स देऊ नका. एकदा हातातून मिळालं की ती पुढच्या माणसाच्या पिशवीवर झेप घेतात. पावसातला दूधसागर बघायचाच असेल तर त्या मार्गावरच्या गाडीचं तिकीट काढा आणि खिडकीत बसा.

प्रश्न (मडगाव): अंदमानला स्नॉर्केलिंगसाठी जातोय. प्रवाळाला चालेल असं सनस्क्रीन कोणतं?

उत्तर: ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेलं घेऊ नका, ती प्रवाळाला अपायकारक मानली जातात. पलाऊने 2020 पासून आणि हवाईने 2021 पासून असल्या सनस्क्रीनवर बंदी घातली ती याच कारणाने. झिंक ऑक्साइडचं, नॅनो कण नसलेलं घ्या. त्याहून सोपा उपाय म्हणजे लांब बाह्यांचा लायक्रा शर्ट आणि लेगिंग. मग मलम फक्त चेहरा, मान आणि हातांच्या पंजांना लागतं. पाण्यात उतरण्याआधी 20 मिनिटं लावा, नाहीतर निम्मं पाण्यातच जातं.

पण बाटलीवरच्या लेबलइतकंच पायांकडेही लक्ष द्या. प्रवाळाला सर्वांत मोठा धोका तापलेल्या समुद्राचा. एप्रिल 2024 मध्ये जगभरातल्या प्रवाळांचं चौथं सार्वत्रिक पांढरं पडणं जाहीर झालं, आणि ते एका पर्यटकाच्या हातात नाही. पाय मात्र आहेत. गोल दगडासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. मास्कमध्ये पाणी शिरलं की नवखा माणूस घाबरून उभा राहतो, तो नेमका त्यांच्यावर. म्हणून पहिली 20 मिनिटं वाळू असलेल्या उथळ पाण्यात सराव करा: मास्क काढून पुन्हा लावणं, नळीतलं पाणी फुंकून बाहेर टाकणं, पाठीवर तरंगून विसावा घेणं. कमरेइतक्या पाण्यात पायांतले फिन्स मारू नका, उडालेली वाळू प्रवाळावर बसून त्याला गुदमरवते. नांगर कुठे टाकणार हे होडीवाल्याला आधीच विचारा. होडी बांधायला तरंगता बोया असेल तीच जागा निवडा. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही बॅगेत टाकू नका. समुद्रात प्रवाळभिंत (रीफ) बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

प्रश्न (केपे): पाहुणे "जम्पिंग चिकन" मागतात. वर्षातून एकदा चालतं का?

उत्तर: नाही. ते मोठे बेबे, म्हणजे बेडूक आहेत आणि वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. शिवाय ते पकडले जातात पहिल्या पावसाच्या रात्री, विणीसाठी बाहेर पडल्यावर. अंड्यांनी भरलेली मादी नेली की डबक्यातली पुढची पिढीच गेली.

प्रश्न (साखळी): सत्तरीतल्या कुळागरात दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत. पर्यावरणाच्या दृष्टीने कोणती काळजी घ्यावी?

उत्तर: सौर दिव्यांआधी सांडपाण्याचा विचार करा, बहुतेकांचं तिथेच चुकतं. आपला जांभा सच्छिद्र आहे, त्यातून मैलापाणी न गाळता झपाट्याने झिरपतं. शोषखड्डा विहिरीपासून किमान 18 मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते, म्हणून जागा जुलैत पाहून ठरवा, मे महिन्यात नव्हे. सेप्टिक टाकी घरच्या चार माणसांच्या हिशेबाने बांधलेली असेल तर चार पाहुणे वाढल्यावर मैला निवळायला वेळ मिळत नाही आणि तो खड्ड्यात उतरतो. टाकी वाढवा किंवा पाहुण्यांची वेगळी बांधा. न्हाणीघराचं पाणी वेगळं काढून माडांना आणि केळींना द्या, मात्र ब्लीच आणि फिनेल त्यात नको. सेप्टिक टाकीतही ते नको, कारण मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात. ओले वाइप्स संडासात टाकू नयेत अशी पाटी आतल्या बाजूला, बसल्यावर दिसेल अशी लावा, आणि शेजारी झाकणाची बादली ठेवा. बादली नसेल तर पाटीचा उपयोग नाही.

अंगणात पांढरे फ्लडलाइट लावू नका. पिवळसर, वरून झाकलेले, जमिनीकडे तोंड केलेले दिवे पुरतात. कीटक कमी येतात, त्यांच्यामागे पाली आणि सापही कमी. पर्यटन खात्याची नोंदणी 1982 च्या कायद्यानुसार लागते, दोनच खोल्या असल्या तरी. आणि रानात न्यायला गावातलाच माणूस ठेवा. कोणत्या ओढ्याला कधी लोंढा येतो हे त्याला ठाऊक असतं. मार्च-एप्रिलमध्ये सुक्या पानांत विडीचं थोटूक पडलं तर डोंगर पेटतो. पाहुण्यांना ते सांगायचं काम त्याच्यावर सोडा, त्याचं ते ऐकतात.

प्रश्न (वास्को): भूतानला कुटुंबासह जातोय. तिथे पर्यटकांकडून घेतलं जाणारं शुल्क भारतीयांनाही लागतं का?

उत्तर: लागतं. माणशी दर रात्री 1,200 रुपये. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, आधार चालत नाही. रात्रीमागे शुल्क असल्यामुळे पाच दिवसांत सहा गावं उरकण्यापेक्षा दोन खोऱ्यांत निवांत राहा. गाडीत जाणारा वेळ वाचेल, आणि तुमचे पैसे त्याच गावातल्या खानावळीत पडतील.