ठाण्यातून आकाशनिरीक्षण आणि हॅम रेडिओ: बारा वर्षांच्या मुलीसाठी सुरुवात कुठून करावी?

ताई, दुर्बीण घेण्याची घाई करू नका. आधी स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, फुकट आहे. मग हेवन्स-अबव्ह या साइटवर ठिकाण ठाणे निवडा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक कधी, कोणत्या दिशेला दिसेल ते मिनिटासकट कळतं. घोडबंदर रोडवर दिव्यांचा कितीही झगमगाट असला तरी ते गच्चीवरून स्पष्ट दिसतं. विमानासारखं लुकलुकत नाही, शांतपणे सरकतं आणि कधी कधी ऐन आकाशात पृथ्वीच्या सावलीत शिरून विझतं. माझ्या मुलीने पहिल्यांदा ते विझताना पाहिलं तेव्हा माझा हात घट्ट धरला होता.

पुढे १०x५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री घ्या. कोपर पाण्याच्या टाकीवर टेकवलं की गुरूचे चंद्र एका रेषेत दिसतात.

रेडिओसाठी नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ, ब्राउझरमध्येच चालतो. तिथे हॅम मंडळींचं, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून एकमेकांशी संपर्क साधणाऱ्यांचं बोलणं, मोर्स या टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची टिकटिक ऐकता येते. आपल्याकडे हॅम परवान्याची परीक्षा बारा वर्षं पूर्ण झाली की देता येते आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेड या प्राथमिक परवान्याला मोर्स लागत नाही. म्हणजे तुमची लेक आत्ताच तयारीला लागू शकते.