फिल्टरवर अडकलेली मुलगी आणि ८० हजारांचं कर्ज

नमस्कार. मुलीबद्दलच्या तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं: 'रोज रात्री जेवताना मी तिला आज काय शिकलीस ते विचारतो आणि ती गप्प बसते.' बीकॉमला ६२ टक्के, पॉवर बीआयची (मायक्रोसॉफ्टचं, आकड्यांचे रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) दोन सर्टिफिकेटं, तीन मुलाखती. तिसरीत 'पुणे निवडूनही कार्डावरचा (रिपोर्टमधल्या एका आकड्याच्या चौकटीतला) आकडा हलत नाही, का?' या प्रश्नावर ती अडकली, म्हणून आता कर्ज काढून डेटा सायन्सचा कोर्स. ती नको म्हणते, तर तुम्ही म्हणता तिला कष्टाची भीती वाटते. साहेब, तिला भीती वाटते ती रात्रीच्या उलटतपासणीची. पाहुण्यांसमोर 'हिचं गणित कच्चं' म्हणता, तेही लिहिलंयत तुम्हीच. दोन्ही आजपासून बंद करा. तिच्या टक्क्यांची मला काळजी नाही, याची आहे.

'फिल्टर तर एक्सेलमध्ये शाळेतली पोरंही लावतात,' हा मात्र तुमचा निव्वळ गैरसमज. एक्सेलमध्ये फिल्टर लावला की ओळी फक्त लपतात. बेरजेचं साधं सूत्र 'सम' लपलेल्या ओळीही धरतं, म्हणून तिथे 'सबटोटल' वापरावं लागतं. पॉवर बीआयमध्ये उरलेल्या ओळींवर प्रत्येक आकडा नव्याने मोजला जातो, आणि फिल्टर टेबलं जोडलेली असतील तिथवरच पोचतो. समजा विक्री, टार्गेट आणि शहरांची यादी अशी तीन टेबलं आहेत. शहराचा स्लायसर (रिपोर्टवरचं फिल्टर निवडायचं बटण) विक्रीच्या टेबलातल्या रकान्यावरून केला आणि पुणे निवडलं. विक्री आली पुण्याची, ३६ लाख. टार्गेट मात्र साऱ्या राज्याचं, ३ कोटी ६० लाख. रिपोर्ट म्हणतो टार्गेटच्या १० टक्केच काम झालं. यादी दोन्ही टेबलांना जोडून स्लायसर यादीवरून करा, टार्गेट ४० लाखांवर येतं आणि तेच काम ९० टक्के ठरतं. घाईत बरेच जण रिलेशनशिपची, म्हणजे टेबलांच्या जोडणीची, दिशा 'दोन्हीकडे' करून मोकळे होतात. आज आकडा जुळतो. टेबलं वाढली की फिल्टर भलत्याच वाटेने फिरतो.

जोडणी ठीक असूनही कार्ड हलत नसेल तर आधी 'एडिट इंटरॅक्शन्स'मध्ये त्या कार्डावर 'नन' (म्हणजे स्लायसरचा परिणाम नको) आहे का पाहायचं, मग मेझरमध्ये, म्हणजे आकडा मोजणाऱ्या सूत्रात, 'ऑल' लिहून फिल्टर काढून टाकलाय का ते. मुलाखतीत एवढंच हवं होतं.

आणि १० टक्के दिसल्यावर 'हे शक्यच नाही' असं म्हणायला हिशेबाची नजर लागते. ती तिच्याकडे बीकॉममुळे आहे. डेटा सायन्स तिची वाट नाही. अकाउंट्स आणि एमआयएस रिपोर्टिंगच्या (कंपनीच्या व्यवस्थापनासाठी आकड्यांचे रिपोर्ट बनवायच्या) जागांसाठी अर्ज करू द्या. पॉवर बीआयची पीएल-३०० परीक्षा नंतर दिली तरी चालेल.

सहा आठवडे, रोज दोन तास, विंडोजचा लॅपटॉप. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे. वरची तीन टेबलं तिने स्वतः बनवावीत, मुद्दाम चुकवावीत, दुरुस्त करावीत. तिने आपणहून दाखवलं तर शेजारी बसा, पुणे निवडा आणि कुठला आकडा का हलला ते तिला सांगू द्या. कर्जाचा अर्ज बँकेत दिला असेल तर उद्याच मागे घ्या.