चॉकलेट लपून खाऊ नका

प्रश्न : माझं वय ५४. गेल्या महिन्यात एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलं. लाडू-मिठाई सोडली, चॉकलेट काही सुटत नाही. मुलगा जर्मनीहून येताना ७० टक्के कोकोचं डार्क चॉकलेट आणतो. सून म्हणते, हृदयाला चांगलं असतं, रोज खा. हे म्हणतात, शेवटी साखर ती साखरच. सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात जाऊन तीन-चार तुकडे खाते आणि मग मनाला खात राहतं. खाऊ की नको?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, खा. पण असं चोरून नको. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका असंच खातात : दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात, उभ्या उभ्या. घाईत खाल्लेलं जिभेला कळतच नाही, म्हणून हात पुन्हा डब्याकडे जातो. दुपारी भाजी-आमटीचं नीट जेवण झालं की दोन तुकडे वाटीत घ्या, बाकीचं चॉकलेट आत ठेवा आणि सगळ्यांसमोर बसून खा. रिकाम्या पोटी खाल्लेल्या गोडापेक्षा जेवणानंतरच्या गोडाची साखर रक्तात हळू चढते. आणि चावू नका. कोको बटर आपल्या अंगच्या उष्णतेला वितळतं; तुकडा जिभेवर ठेवला की तो आपसूक विरघळतो आणि दोन तुकडे पुरे होतात.

आता यजमानांचं म्हणणं. ७० टक्क्यांच्या १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये साधारण ३० ग्रॅम साखर असते, साध्या मिल्क चॉकलेटमध्ये पन्नासच्या वर. म्हणजे दोन तुकडे, साधारण २० ग्रॅम डार्क खाल्लंत तर सहा ग्रॅम साखर आणि सुमारे १२० कॅलरी. एक चमचा साखर पाच ग्रॅमची धरा आणि दिवसाच्या चहाचा हिशेब करा. दोन-दोन चमच्यांचे चार कप घेत असाल तर तिथेच ४० ग्रॅम झाले! जागतिक आरोग्य संघटना रोजच्या २००० कॅलरींच्या आहारात वरची साखर ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ च्या आत ठेवायला सांगते. तुमच्या घरात आधी चहाचा चमचा आवरायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सूनबाईंना सांगा, प्रेमाने सांगताय, पण हे औषध नव्हे. कोकोतल्या फ्लॅव्हॅनॉल्स या नैसर्गिक घटकांमुळे रक्तवाहिन्या लवचिक राहायला मदत होते, हे खरं. पण अमेरिकेत एकवीस हजारांवर ज्येष्ठांना घेऊन झालेल्या ‘कॉसमॉस’ चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यात निम्म्या लोकांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल्स कॅप्सूलमधून दिली होती. हृदयविकाराने होणारे मृत्यू त्यांच्यात कमी दिसले, पण झटके, पक्षाघात वगैरे सगळं एकत्र धरलं तर ठाम फरक दिसला नाही. शिवाय तेवढी फ्लॅव्हॅनॉल्स दोन तुकड्यांत मिळत नाहीत. तेव्हा आवडतं म्हणून खा, तेवढं कारण पुरेसं आहे.

मुलाने आणलेलं संपलं की दुकानात वेष्टनाची मागची बाजू वाचा. जो घटक सगळ्यांत जास्त, तो यादीत पहिला छापतात. साखर पहिली असेल तर पुढे ‘डार्क’ लिहिलेलं असूनही ते ठेवून द्या. ‘कंपाउंड’ किंवा ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ दिसलं तर त्यात कोको बटरच्या जागी दुसरं तूप-तेल आहे, तेही नको. ‘शुगर फ्री’वर फार विसंबू नका : पुष्कळदा त्यात माल्टिटॉल हा साखरेऐवजी घालायचा गोड पदार्थ असतो. त्यानेही रक्तातली साखर थोडी चढते आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं.

मुतखड्याचा त्रास कधी झाला असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज खाऊ नका, कारण कोकोमध्ये ऑक्झलेट, म्हणजे ज्यापासून बरेचसे मुतखडे बनतात ते द्रव्य, बरंच असतं. आणि उन्हाळ्यात चॉकलेटवर पांढरट थर आला तर घाबरून फेकू नका. ती बुरशी नसते, वितळून पुन्हा गोठलेलं कोको बटर वर आलेलं असतं. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे लसणीचा वास लागणार नाही.