स्लिम लॅपटॉपचं खूळ आणि ‘आमची कंपनी’

ॲडमिशनचा सीझन आला की आमच्याकडे लॅपटॉपचेच प्रश्न येतात, या वेळी तर घराघरातली भांडणंच लिहून पाठवलीत लोकांनी. चार घेतो.

प्रश्न : सर, मी लातूरला अडत दुकानांचे हिशोब लिहिते, टॅली आणि जीएसटीचं काम. मार्केट यार्ड, तिथून औसा, कधी मुरूड, सगळं एसटीने. जुना लॅपटॉप चार्जरसकट तीन किलोच्या घरात जातो, खांदा गेलाय माझा. मला स्लिम घ्यायचाय तर भाऊ म्हणतो स्लिम म्हणजे नुसता शो, दोन वर्षांत भंगार. कुणाचं खरं?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, या भांडणात मी तुमच्या बाजूने. ज्याला रोज बॅग खांद्यावर घेऊन एसटीत उभं राहायचंय त्याच्यासाठी सव्वा किलो आणि अडीच किलो यातला फरक म्हणजे शो नाही, भावाला आठवडाभर ती बॅग घेऊन फिरवा मग बोलू म्हणावं.

पण एक बघा, लॅपटॉप बारीक करायचा तर कंपनीला आतलं काहीतरी काढावं लागतं, आणि नेमकं काय काढलंय ते दुकानदार सांगत नाही. २००८च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्सने स्टेजवर कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर काढून दाखवला, बघणारे येडे झाले, पण त्याला सीडी ड्राइव्ह नव्हता, लॅनची केबल लावायला जागा नव्हती, यूएसबी एकच, आणि बॅटरी आपल्या हाताने बदलायची सोय नाही. तेव्हा लोकांनी नावं ठेवली, आणि मग २०११ला इंटेलने अल्ट्राबुक (म्हणजे बारीक, हलके विंडोज लॅपटॉप) म्हणून तोच रस्ता विंडोजवाल्यांना दाखवला, आज सगळेच त्या रस्त्याने चाललेत.

तुमच्या कामात पहिली अडचण डीएससीच्या, म्हणजे डिजिटल सहीच्या, टोकनची. क्लायंटमध्ये एखादी प्रायव्हेट लिमिटेड असली की ते टोकन लागतंच, आणि ते बहुतेक जुन्या चपट्या यूएसबीचं असतं, लई स्लिम मॉडेलला मात्र नुसते टाइप-सी. मग वीस तारखेला जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायचंय, क्लायंट समोर बसलाय, आणि टाइप-सीला जुनं यूएसबी जोडायचा हब राहिला घरी चार्जरपाशी! तेव्हा निदान एक तरी जुनं यूएसबी असलेलंच मॉडेल घ्या, सव्वा-दीड किलोत अशी मिळतात.

दुसरी अडचण नंबर पॅडची, ही तर कुणी बोलतच नाही. तेरा-चौदा इंची लॅपटॉपला उजवीकडचं आकड्यांचं पॅड नसतं. ज्याचा हात टॅलीवर बसलाय, जो स्क्रीनकडं न बघता व्हाउचरमागून व्हाउचर मारतो, त्याला वरच्या ओळीतले आकडे शोधत बसायचं म्हणजे शिक्षाच. सुटं यूएसबी नंबर पॅड मिळतं, फार महाग नसतं, लॅपटॉपसोबतच घेऊन टाका.

आणि रॅम. स्लिम मॉडेलमध्ये रॅम बहुतेक बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे “आत्ता आठ जीबी घेऊ, पुढं वाढवू” हे विसरा. सोळाचाच घ्या, पैसे कमी पडले तर प्रोसेसर एक पायरी खाली घ्या, टॅलीला त्याने काही फरक पडत नाही. भावाचं दोन वर्षांत भंगारवालं म्हणणं खरं होतं ते बहुतेक इथंच, मशीन चांगलं असतं पण रॅम वाढत नाही म्हणून रांगायला लागतं.

प्रश्न : मुलाला संभाजीनगरला मेकॅनिकलला ॲडमिशन मिळालंय. तो म्हणायलाय ॲपलचाच स्लिम पाहिजे, होस्टेलवर सगळ्यांकडे तोच आहे. मी म्हणतो एवढे पैसे घालून त्यावर कॉलेजचं काम होईल का? घरात आठ दिवस झाले अबोला आहे.
— एक पालक, परभणी

उत्तर : दादा, ‘सगळ्यांकडे आहे’ यातले सगळे म्हणजे साधारण दोन पोरं असतात, ते सोडा. पोराला एवढंच सांगा की सिनियरकडून सॉफ्टवेअरची यादी घेऊन ये. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स किंवा कॅटिया लागतंच कुठं ना कुठं, आणि ही दोन्ही विंडोजची आहेत, मॅकवर थेट चालत नाहीत. ऑटोकॅड मॅकवर मिळतं, पण तेवढ्यावर चार वर्षं निघत नाहीत. आधीच्या इंटेलवाल्या मॅकमध्ये बूट कॅम्प वापरून विंडोज टाकायची सोय होती, २०२०च्या शेवटी ॲपलची स्वतःची एम१ चिप आली तेव्हापासून नव्या मॉडेलांत ती नाही. आता यावर पोरगं म्हणेल जुगाड करून चालवता येतं, येतंही काही काही, पण उद्या सबमिशन आणि आज रात्री जुगाड, हे कशाला!

म्हणजे मॅकबुक एअर वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. कॉमर्सची मुलगी असती, लिहिण्याचं काम असतं, कोडिंग असतं तर मी स्वतः घ्या म्हटलं असतं, बॅटरी दिवसभर पुरते आणि आवाज म्हणून नाही. आवाज नाही कारण आत फॅनच नाही, आणि मेकॅनिकलवाल्याची गोची इथंच होते. मोठं डिझाइन किंवा सिम्युलेशन तासभर चालवलं की चिप तापते, उष्णता बाहेर टाकायला काही नसलं की ती स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. विंडोजच्या फार बारीक मॉडेलांचंही तेच, फॅन असतो पण बारका, चिप शंभर अंशांच्या आसपास पोचली की मशीन दम खायला लागतं.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. मॅकबुकच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस दिलंय, विंडोजवाल्या बऱ्याच मॉडेलांचीही वरची हद्द ३५च. परभणीत मे महिन्यात दुपारी पारा चाळीसच्या वर असतो हे काय मी सांगायला पाहिजे का! ३६ अंशाला लॅपटॉप जळून जात नाही, पण पत्र्याच्या खोलीत गादीवर ठेवून, खालच्या जाळ्या झाकून चालवला तर वेगही जातो आणि बॅटरीही लवकर जाते. तेव्हा दोन-सव्वादोन किलोचा, चांगल्या फॅनचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला विंडोज घ्या, होस्टेलच्या टेबलावरच राहणार आहे तो. अबोल्याचं मात्र तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : नांदेडला वजिराबादेत आमचं दुकान आहे, वडिलांपासून एकाच कंपनीचा कॉम्प्युटर घेतो, कधी दगा दिला नाही. पुतण्या म्हणतो काका, ही लॉयल्टी वगैरे येडेपणा आहे. तुम्ही सांगा.
— एक व्यापारी, नांदेड

उत्तर : काका, पुतण्या बोलतो तोंड वर करून, पण बोलतो बरोबर. कापसाचं बियाणं घेताना आपण नुसती कंपनी विचारतो का, वाण विचारतो. त्याच कंपनीचं एक वाण कोरडवाहूला जमतं, दुसरं नाही, लॅपटॉपचंही तसंच आहे. एकाच कंपनीची ऑफिससाठीची मालिका वेगळी असते, मॉलमध्ये सेलला लावतात ती वेगळी, झाकणावरचं नाव तेवढं सारखं.

शिवाय नावाचं तरी काय धरून बसायचं? थिंकपॅड १९९२ला आयबीएमने काढला, २००५ला तो धंदा लेनोव्होकडे गेला. कॉम्पॅक २००२ला एचपीत गेली, सोनीने वायो २०१४ला विकून टाकला, तोशिबाने २०१८ला लॅपटॉपचा धंदा शार्पला दिला. आणि आपण ज्या कंपन्यांवरून भांडतो त्यातल्या बऱ्याच जणींचे लॅपटॉप बनवतात तैवानच्या क्वांटा, कॉम्पल असल्या कंपन्या, ज्यांचं नाव आपल्या गल्लीत कुणी ऐकलेलं नाही.

चांगल्या कंपनीचाही पाय घसरतो. ॲपलने २०१५ला १३.१ मिलिमीटरचा मॅकबुक काढला, त्यासाठी बटरफ्लाय नावाचा चपटा कीबोर्ड केला, धुळीचा कण अडकला की बटण दाबलंच जाईना नाहीतर एका दाबात अक्षर दोनदा उमटायचं. २०१८ला फुकट रिपेअरची योजना काढावी लागली, २०१९पासून जुन्या पद्धतीचा कीबोर्ड परत आणावा लागला, २०२२ला अमेरिकेतल्या दाव्यात पाच कोटी डॉलरची तडजोड झाली. तिथं हे हाल, आपल्या दुकानात तर शटर उघडलं की रस्त्याची धूळ थेट काउंटरवर.

म्हणून कंपनी बदला असं म्हणत नाही. फक्त या वेळी मॉडेल नंबर लिहून घ्या आणि विचारा, ऑनसाइट वॉरंटी नांदेडच्या पिनकोडला खरंच आहे का, का मशीन हैदराबादला नाहीतर संभाजीनगरला पाठवायचं? माणूस दुकानात येऊन बोर्ड बदलून देणार असेल तर ती कंपनी धरून ठेवायला माझी काही हरकत नाही, हे कारण वडिलांच्या कारणापेक्षा भक्कम आहे.

प्रश्न : माझा जुना जाडजूड लॅपटॉप विंडोज १०चा आहे, दुकानदार म्हणतो टाकून द्या आणि नवा स्लिम घ्या. काय करू?
— एक शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : गुरुजी, थांबा. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय हे खरं. विंडोज ११साठी टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, तेवढं असलं तर अपग्रेड फुकट होतं. जाड आहे म्हणूनच खालची प्लेट उघडून रॅम वाढवता येईल, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकता येईल, बॅटरीही बदलता येईल. आठव्या पिढीच्या आधीचा निघाला तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा, मार्कलिस्ट आणि यूट्यूबला बास होतं. फक्त शाळेचं एखादं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल तर ते आधी विचारून घ्या.