पिकं चार हवीत, पण एकदम बुडणारी नकोत

यंदा पीकबदलाबद्दल पत्रं बरीच आली. बहुतेक सोयाबीन, कापूस नाहीतर ऊस याभोवतीच फिरतात, म्हणून उत्तरंही तिथूनच.

प्रश्न : पाच एकर मध्यम ते भारी रान आहे. दहा-बारा वर्षं खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा घेतो. फेरपालट चुकवत नाही, तरी उतारा घटतोय आणि हरभरा जागोजाग वाळतो. (हिंगोली जिल्हा)

याला मी फेरपालट म्हणणार नाही. सोयाबीन आणि हरभरा दोन्ही शेंगवर्गातली. मूळकूज करणाऱ्या जमिनीतल्या काही बुरशींना दोन्ही पिकं चालतात. खरिपात एकावर पोसायचं, रब्बीत दुसऱ्यावर. हरभरा वाळवणाऱ्या मर रोगाची बुरशी तर पीक नसतानाही जमिनीत वर्षानुवर्षं तग धरते. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची बीजप्रक्रिया करा, मर-प्रतिकारक वाण घ्या, पण बेवड, म्हणजे आधीचं पीक रानात जे मागे सोडतं ते, बदलल्याशिवाय हे दुखणं जाणार नाही.

सगळं रान एकदम बदलू नका. दीड एकरात मूग घ्या. साठ-सत्तर दिवसांत रान मोकळं होतं आणि सप्टेंबरच्या ओलीवर रब्बी ज्वारी किंवा करडई साधते. मराठवाड्याला करडई काही नवी नाही, आपणच ती सोडली. तिची मुळं खोलवरची ओल ओढतात आणि काट्यांमुळे जनावरं तोंड घालत नाहीत. फक्त पेरणी लांबवू नका, उशिराच्या करडईवर मावा तुटून पडतो. मुगाचा धोकाही सांगून ठेवतो : तोडणीच्या वेळी झड लागली तर शेंगेतच कोंब येतात. म्हणून दीड एकर म्हटलं, पाच नाही.

उरलेल्या रानात सोयाबीनमध्ये तूर, ४:२. सहा दात्यांचं पेरणीयंत्र असेल तर चार नळ्यांतून सोयाबीन, दोन नळ्यांतून तूर. वेगळी मेहनत नाही. तूरही शेंगवर्गातलीच, मग काय बदललं, असं विचाराल. एक तर त्या रानात हरभऱ्याला सुट्टी मिळते, आणि तुरीचा मर रोग वेगळ्या बुरशीचा आहे. दुसरं, माझ्या दृष्टीने जास्त मोलाचं : दोघांची पाण्याची नड एका वेळी येत नाही. ऑगस्टमध्ये पावसाने ताण दिला की फुलोऱ्यातलं, शेंगा धरणारं सोयाबीन मार खातं. तूर तेव्हा नुसती वाढत असते. सोयाबीन निघालं की तुरीला ऐसपैस जागा मिळते. बांधावर पाच पिकं असली आणि पाचही एकाच उघडिपीत गेली, तर त्यांची संख्या मोजून काय उपयोग?

प्रश्न : कपाशीत तुरीचे तास टाकले तर बोंडअळी वाढते, असं शेजारी म्हणतात. खरं का? (यवतमाळ जिल्हा)

शेजारी दोन अळ्यांची गल्लत करतायत. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात ज्या अळीने बोंडं पोखरली ती गुलाबी. तिला कापूस आणि कापसाच्या भावकीतली भेंडी, अंबाडी यांसारखी पिकं लागतात. तुरीवर ती जगत नाही. तिच्यावर पहिला उपाय म्हणजे डिसेंबरअखेर कपाशी उपटणं. फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या कपाशीच्या, चार वेचण्यांसाठी आपण तिला पुढच्या हंगामापर्यंत पोसतो.

तुरीवर येते ती घाटे अळी. ती हरभऱ्यावरही जाते, कपाशीवरही. म्हणून फुलोऱ्यापासून तुरीवर नजर हवी, अळ्या टिपणाऱ्या पाखरांना बसायला पक्षिथांबे हवेत. कपाशी-तूर-हरभरा या तिघांवर भिस्त ठेवणाऱ्याने तर घाटे अळीचं वर्षभराचं जेवण मांडलं आहे. मधे ज्वारी आणा. ज्वारीवरच्या माव्यावर ढालकिडे पोसतात आणि ते पुढे कपाशीच्या कामी येतात. ज्वारीसोबतच्या तुरीत मरही कमी दिसतो.

प्रश्न : थोडं थोडं सगळं पिकवलं तर व्यापारी विचारत नाही. ज्याला भाव आहे तेच का पेरू नये? (बीड जिल्हा)

२०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. २०१६ च्या खरिपात ज्याने त्याने तूर पेरली, पाऊसही बरा झाला. पुढे हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये असताना बाजारात त्याच्या खाली विक्री झाली आणि खरेदी केंद्रांबाहेर पोत्यांच्या थप्प्या लागल्या. भाव बघून पेरणारे सगळे एकाच दिवशी बाजारात पोचतात. तुरीचा वाटा ठरवा आणि भाव चढो की पडो, तो फार हलवू नका.

व्यापाऱ्याची अडचण मात्र खरी आहे. दोन क्विंटल मूग घेऊन गेलात तर तो पाडूनच मागणार. आठ-दहा जणांनी एकच वाण लावून माल एकत्र न्यावा, जवळ शेतकरी उत्पादक कंपनीची चाळणी असेल तर तिथून काढावा. आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावर पीक चढवायच्या मोबाइलवरच्या नोंदणीत, आंतरपिकाची नोंद न विसरता करा. सातबाऱ्यावर नुसतं सोयाबीन असेल तर केंद्रावर तूर घालताना अडवणूक होते, विम्यातही घोळ होतो.

प्रश्न : ज्वारी गव्हापेक्षा महाग का? आम्ही शहरातल्यांनी काय करावं? (पुणे)

खरीप ज्वारी काढणीच्या पावसात काळी पडते, पाखरं राखायला माणूस लागतो, आणि बैल कमी झाले तसा घरच्या घरी कडब्याचा खपही घटला. ज्वारीचा हिशेब कडब्याशिवाय लागत नाही. ती जागा सोयाबीनने घेतली. बाजारात दिसते ती बरीचशी रब्बी ज्वारी; मंगळवेढ्यासारख्या भागातली मालदांडी. नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते, त्यामुळे उतारा बेताचाच. भाव त्याचाच आहे.

२०२३ च्या भरडधान्य वर्षात ज्वारी-नाचणीच्या बिस्किटांना ऊत आला होता. त्या बिस्किटांत भरडधान्य किती, ते वेष्टनावर वाचून बघा. त्यापेक्षा आठवड्यात चार वेळा भाकरी करा आणि वर्षाची ज्वारी ओळखीच्या शेतकऱ्याकडून आधीच सांगून घ्या. पेरणीपूर्वी गिऱ्हाईक नक्की असेल तर तो एक एकर जास्त पेरायला धजावतो.

प्रश्न : ऊस मोडायचा का? (सांगली जिल्हा)

लगेच नको. पूर्वहंगामी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या, लागणीत हरभरा, कांदा किंवा कोबी बसतो. पहिले तीन-चार महिने सरीत ऊन पडतंच. खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, निघाला की त्याच रानात पुन्हा लागण करू नका, मधे हिरवळीच्या खतासाठी ताग करा. क्षारपड रानात तागाऐवजी धैंचा. फुलं दिसू लागताच, साधारण दीड महिन्यात, गाडून टाका; उशीर केलात तर तागाचे दोर होतात आणि रोटाव्हेटरला गुंडाळतात.