व्हिएन्ना-बुडापेस्ट पुन्हा एकदा: एफडी मोडू नका, एक वर्ष थांबा

प्रश्न: मी ६६ वर्षांची निवृत्त शिक्षिका, नाशिकला एकटी राहते. २०१७ साली ग्रुप टूरबरोबर युरोप पाहिला. आता मैत्रिणीसोबत फक्त व्हिएन्ना आणि बुडापेस्टला, दहा रात्रींसाठी, याच मे महिन्यात पुन्हा जावंसं वाटतंय. तिच्याकडे पुरेसे पैसे नाहीत. दोघींचा खर्च आत्ता मी करावा आणि तिने मला दरमहा ५,००० रुपये परत करावेत, असं आमचं चाललंय. त्यासाठी एफडी मोडू की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले पैसे काढू? मुलगा म्हणतो, पाहिलेलंच पुन्हा पाहायला एवढा खर्च कशाला?

ताई, नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही त्या जुन्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेचा फोटो पाठवलात. त्यात व्हिएन्नापुढे लिहिलंय, ‘दुपारी २ ते ५.३०’, आणि शेजारी तुमच्या अक्षरात पेन्सिलने, ‘म्युझियम बाहेरूनच’. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं. साडेतीन तासांत, तेही बसच्या वेळेकडे डोळे लावून, शहर पाहून होत नाही. तुम्ही जावं असं मला मनापासून वाटतं. माझा आक्षेप आहे तो पैसे कुठून उचलायचे, त्यावर.

आधी बचत योजनेचं बोलू. खात्याला दोन वर्षं पूर्ण झाली आहेत. त्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं बंदच करावं लागतं, आणि आता बंद केलं तर मुद्दलाच्या १ टक्का कापला जाईल. १५ लाखांवर १५,००० रुपये. शिवाय ८.२ टक्क्यांचं व्याज थांबेल. हा पर्याय डोक्यातून काढून टाका.

एफडी सहा लाखांची. तुमचा घरखर्च ३१,००० आहे, म्हणजे ही सुमारे एकोणीस महिन्यांची पुंजी. तुम्ही एकट्या राहता, आरोग्य विमा पाच लाखांचा, गुडघे कुरकुरायला लागलेत. दोघींचा मिळून सुमारे पाच लाखांचा खर्च (हिशेब पुढे आहे) यातून केला तर एक लाखच उरेल. हॉस्पिटलने रात्री अकराला डिपॉझिट मागितलं तर धावपळ मुलाची होईल, आणि तो पुण्यात आहे.

आता सहलीला खरंच किती लागतात ते पाहू. एजन्सीने माणशी ३,४०,००० सांगितलेत. तुम्हाला गाइड नको, बस नको, मग स्वतः बुकिंग करा. २०१७ मध्ये युरो सत्तर-पंचाहत्तरच्या घरात होता, आता शंभरी ओलांडली आहे, म्हणून मी ११० धरलाय. व्हिएन्नात दोघींची खोली १२० युरो, बुडापेस्टमध्ये ८०, पाच-पाच रात्री. तुमच्या वाट्याला ५५,००० आले. विमानाचे ७०,०००. व्हिसाची फी ९० युरो, सेवाशुल्क धरून १२,०००. विम्याचे ५,०००. खाणं आणि ट्राम-मेट्रो दिवसाला ४५ युरो धरले तर अकरा दिवसांचे ५४,५००. रेल्वे, संग्रहालयं, गरम पाण्याचे हमाम यांना २०,०००. वर ३०,००० राखीव. अडीच लाखांच्या आत बसतं.

दुसऱ्यांदा जाण्यात पैशाचा फायदाही आहे. व्हिएन्नातल्या शोनब्रुन राजवाड्याच्या बागेत फिरायला तिकीट नाही. बुडापेस्टची २ नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाने पार्लमेंटजवळून जाते, साध्या तिकिटात. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभं राहून पाहण्याची तिकिटं अगदी स्वस्त असतात, पण तुमच्या गुडघ्यांना ती नकोत. तिथे बसायच्या जागेसाठी खुशाल पैसे घाला. आणि कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम या वेळी आतून बघा.

आता मैत्रिणीचं. अडीच लाख दरमहा ५,००० ने फेडायला पन्नास महिने लागतात. चार वर्षं दोन महिने. पहिले सहा महिने पैसे वेळेवर येतील. मग तिच्या घरी एखादं लग्न निघेल, आजारपण येईल, एक हप्ता चुकेल आणि तिला तुमचा फोन घ्यायला अवघड वाटू लागेल. चाळीस वर्षांची मैत्री अशा हिशेबात अडकलेली मी कामात पाहिली आहे. पैसे वसूल झाले तरी येणंजाणं आधीसारखं राहत नाही. म्हणून उसने देऊ नका.

पण तिच्याशिवाय जा असंही मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रात ती प्रत्येक परिच्छेदात आहे. मग तारीख तिच्या खिशाकडे बघून ठरवा. सहल पुढच्या वर्षी एप्रिलअखेर करा. तुम्हाला जे ५,००० ती नंतर देणार होती, ते तिने याच एप्रिलपासून स्वतःच्या आरडीत टाकावेत. बारा महिन्यांत ६०,००० होतील. तिच्याकडे १,४०,००० आहेत, म्हणजे दोन लाख झाले. हॉटेलचा पूर्ण खर्च तुम्ही करा, भेट म्हणून, परत घ्यायचा नाही या बोलीवर. तिचा वाटा १,९५,००० वर येतो आणि तिला जमतो.

तुमचं गणित असं: बचत योजनेचं तिमाही व्याज ३०,७५०, वर्षाचे १,२३,०००. पेन्शनमधून महिन्याला ११,००० उरतात, त्यांचे १,३२,०००. खात्यात पडून असलेले ८०,०००. एकूण ३,३५,०००. मैत्रिणीच्या खोलीसह तुमचा खर्च ३,०५,०००. एफडीला हात लागत नाही.

वर्षभर थांबण्याची किंमत आहे, हे मी नाकारत नाही. भाडं वाढेल, युरो आणखी चढेल, गुडघे आणखी एक वर्षाने जुने होतील. पहिल्या दोन्हींसाठी राखीव रक्कम धरली आहे. गुडघ्यांसाठी फिजिओथेरपी आजच सुरू करा, तोही या सहलीचाच खर्च समजा.

काही बारीक गोष्टी. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे या दोन्ही देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण तेवढ्यावर थांबू नका. तुम्हाला रक्तदाब आहे, तो पॉलिसीत धरलाय का ते लेखी विचारा. व्हिएन्नाहून बुडापेस्टला रेल्वेने पावणेतीन तासांच्या आत पोचता, लवकर काढलं की तिकीट बरंच स्वस्त पडतं. दोन्हीकडे सारख्याच रात्री राहणार असाल तर जिथे आधी उतरता त्या देशाकडे व्हिसा मागायचा, म्हणजे ऑस्ट्रियाकडे. हंगेरीत फोरिंट चालतो. एटीएमने ‘रुपयांत बदलून देऊ का’ असं विचारलं की नाही म्हणा, कारण तो दर महाग असतो.

आणि आज घरी एक काम करा. २०१७ च्या सहलीआधी काढलेला पासपोर्ट कपाटातून बाहेर काढून तारीख बघा. तो दहा वर्षांचाच असतो, आणि शेंगेनमधून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो चालू असावा लागतो. मैत्रिणीलाही तिचा बघायला सांगा.